तिच्या वहीतले त्याचे सामने

कोच आयर्लंडला कायमचा परत निघाला, म्हणून क्लबने त्याच्यावर एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं आणि त्यातला मुख्य लेख मी लिहावा असं सुचवलं. मीच का, असं विचारल्यावर क्लबच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुम्ही पुस्तकांतले आहात." मी वेलिंग्टनमध्ये एका सरकारी खात्याच्या ग्रंथालयात नोकरी करतो, एवढाच त्याचा अर्थ. मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. या माणसाचा मला सहा वर्षं हेवा वाटत आला होता. पहिली चार वर्षं माझी बायको होती म्हणून, आणि नंतरची दोन ती नाही म्हणून.

गैरसमज नको. त्या दोघांत तसलं काही नव्हतं. असतं तर मला निदान रागावता आलं असतं. गोष्ट त्याहून साधी होती. शनिवारी सकाळी ती आमच्या मुलीला घेऊन शहराबाहेर हट नावाच्या भागातल्या मैदानावर जायची, दुपारी परत यायची, आणि परत आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे काही असायचं ते माझ्यामुळे आलेलं नसायचं.

खेळाचं नाव हर्लिंग. आयर्लंडचा खेळ. हॉकीच्या काठीपेक्षा रुंद पात्याची लाकडी काठी, मुठीत मावेल एवढा चामड्याचा चेंडू, आणि तो चेंडू जमिनीवर पडायची वाट न बघता हवेतच फटकावायचा. मुलगी अकरा वर्षांची असताना शाळेतल्या एका मैत्रिणीबरोबर गेली आणि तिथलीच झाली. आम्हाला दोघांनाही त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. फरक एवढाच, की बायकोला ते कळून घ्यावंसं वाटलं.

पहिले काही आठवडे ती थंडीमुळे गाडीत बसून राहायची. एक दिवस कोचने काचेवर टकटक केली आणि विचारलं, "आकडेमोड येते का?" ती पुण्यात अठरा वर्षं शाळेत गणित शिकवत होती. त्या दिवसापासून ती क्लबची गुणलेखक झाली. पुण्याहून आणलेली शंभरपानी वही, मधोमध दोऱ्याने शिवलेली, तिने त्यासाठी काढली आणि सगळे आकडे मराठीत लिहायला सुरुवात केली. का, असं मी विचारलं होतं.

"समोरच्या टीमचे आईबाप येऊन वहीत डोकावतात," ती म्हणाली. "आता बसा म्हणावं डोकावत."

"तुझ्या कोचला तरी कळतं का?"

"कोचसाहेब शिकतायत. आज पाचापर्यंत आले."

पुढच्या महिन्यात ते नवापर्यंत आले. मी त्याच महिन्यात तिला एक कादंबरी वाचायला दिली होती. ती तिच्या उशाशी तशीच पडून होती. इतक्या क्षुल्लक गोष्टी माणूस लक्षात ठेवतो हे लिहायला बरं वाटत नाही, पण मी ठेवल्या.

"तुम्ही या ना एकदा," ती म्हणायची.

"पुढच्या शनिवारी," मी म्हणायचो. आमच्या घरी शनिवारी सकाळी पुढच्या खोलीत ऊन येतं. वेलिंग्टनमध्ये ऊन आणि शांतता एकाच वेळी मिळणं सोपं नाही. मला ते दोन तास वाचायला हवे असायचे. मी गेलो नाही. चार वर्षांत एकदाही नाही.

मग तिचा आजार निघाला आणि सात महिन्यांत सगळं संपलं. अंत्यविधीला क्लबची माणसं हिरवी जाकिटं घालून मागे ओळीत उभी होती. मी पुढे होतो. मला रडू आलं नाही. मागे कोच रडत होता. मोठा, रुंद खांद्यांचा माणूस, साठीचा, नाक लाल झालेला. लोक त्याच्याकडे वळून बघत होते. मला त्या क्षणीही वाटलं, हेसुद्धा यालाच जमलं.

तर अशा माणसाची कारकीर्द लिहायला मी त्याच्या घरी गेलो. दिवाणखान्यात खोकीच खोकी होती. त्याने चहा केला, मला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खोक्यावर बसला.

"तुम्हाला काय हवंय?" त्याने विचारलं.

"सुरुवातीपासून सगळं."

"फारसं काही नाहीये. पंधरा मिनिटांत होईल."

दोन तास लागले. त्याचं गाव म्हणजे एक चर्च, एक दुकान आणि एक मैदान. चौथ्या वर्षी वडिलांनी स्वतःची मोडकी काठी कापून त्याच्या कमरेइतकी करून दिली. एकोणिसाव्या वर्षी तो जिल्ह्याच्या संघात आला, मागच्या कोपऱ्यात बचावाला. "त्या जागेवर तुमचं नाव फक्त चुकल्यावर घेतात," तो म्हणाला. या खेळात कुणालाच पैसे मिळत नाहीत. रविवारी हजारो लोकांपुढे खेळायचं आणि सोमवारी सकाळी सुतारकामाला हजर व्हायचं. सात वर्षं त्याने असं केलं. मग गुडघा गेला. मग काम शोधत न्यूझीलंडला आला, आणि एका शनिवारी हटच्या मैदानावर दोन आयरिश पोरी भिंतीवर चेंडू मारताना दिसल्या, तिथून कोचिंग सुरू झालं.

"एखादी फायनल वगैरे?" मी विचारलं.

"एकच. गावाच्या क्लबकडून." त्याने कप खाली ठेवला. "त्या संध्याकाळी घरी गेलो तर वडील एक शब्द बोलले नाहीत. नुसते शेगडीजवळ बसून राहिले."

मी वहीत लिहून घेतलं. लिहिताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

त्याने हाताने लिहिलेली एक यादी मला दिली. साल, प्रतिस्पर्धी आणि गुण. मी विचारलं, न्यूझीलंडमधल्या सामन्यांची नोंद कुठे आहे? तो उठला, खिडकीजवळच्या खोक्यातून टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. ती तिची वही होती.

दोन वर्षं मी ती वही घरात शोधत होतो. कपाटं, गाडीची डिकी, मुलीची खेळाची बॅग, सगळीकडे, कुणालाही न विचारता. ती या माणसाकडे टॉवेलात गुंडाळलेली होती.

"बॉसने जपून ठेवायला दिली होती," तो म्हणाला. तो तिला बॉस म्हणायचा, हे मला तेव्हा कळलं. "माझं इथलं सगळं काम यात आहे. लेख झाला की परत द्या, हां. ती माझ्याबरोबर विमानात जायची आहे."

मी मान हलवली. पण मनात त्याच क्षणी पक्कं झालं होतं. वही परत द्यायची नाही.

घरी आणून मी ती जेवणाच्या टेबलावर उघडली. पहिल्या आठ-दहा पानांवर खाडाखोड होती. ती शिकत होती. तिच्या आकड्यांशेजारी त्याने इंग्रजी आकड्यांत दुरुस्त्या केल्या होत्या, आणि एके ठिकाणी त्याने पहिल्यांदाच मराठी चार काढायचा प्रयत्न केला होता, तो बदकासारखा दिसत होता. शेजारी तिने लिहिलं होतं, दहापैकी तीन. पुढे तिचा हात सरावला. गुणांच्या कडेला बारीक अक्षरात मराठी नोंदी होत्या. वारा उलटा. पंच झोपलाय. नळाचं पाणी बंद, बाटल्या आणणे. मी एकेक नोंद वाचत गेलो. खरं म्हणजे मी स्वतःला शोधत होतो. चार वर्षांचे शनिवार, इतकी पानं, कुठे तरी मी असेनच.

वहीच्या बरोबर मधल्या पानावर सापडलो. एका सामन्याच्या खाली, वेगळ्या ओळीत, तीन शब्द होते.

हे येणार होते.

दुसरं काही नाही. माझ्याविषयी अख्ख्या वहीत एवढंच.

शेवटची आठ पानं तिची नव्हती. आजारपणात तिचं मैदानावर जाणं थांबलं, तिथून पुढचे सामने कोचने लिहिले होते, मराठी आकड्यांत. तीन आणि सहा यांची तोंडं त्याने जागोजागी उलटी केली होती. पाच प्रत्येक वेळी वेगळा. त्याला इंग्रजीत लिहायला कुणाची बंदी होती? ती गेल्यानंतरचे सामनेही त्याने तसेच लिहिले होते, वही संपेपर्यंत. शेवटच्या पानावर तर दोन सामने दाटीवाटीने बसवले होते. त्या आठ पानांचा मला जितका राग आला तितका बाकी कशाचा आला नव्हता. मी तिच्यासाठी दोन वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती.

लेख मात्र इंग्रजीत भराभर झाला. मुलीला वाचायला दिला. ती आता सतरा वर्षांची आहे. मराठी ऐकून सगळं कळतं, उत्तर बरंचसं इंग्रजीत येतं. सोफ्यावर पाय वर घेऊन ती वाचत होती. एका जागी थांबली.

"बाबा, हे काय? 'यशाने त्याला अखेरपर्यंत हुलकावणी दिली.' ही वन दॅट फायनल."

"कुठे जिंकला? यादी बघ. दोन-नऊ आणि शून्य-चौदा. नऊ विरुद्ध चौदा."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं तिची आई वर्गातल्या ढ मुलाकडे बघत असणार.

"पहिला आकडा गोल," ती म्हणाली. "खाली जाळ्यात मारला की गोल. एका गोलचे तीन पॉइंट. दुसरा आकडा बारच्या वरून मारलेले. दोन गोल म्हणजे सहा, सहा आणि नऊ पंधरा. पंधरा-चौदा. ही वन बाय वन पॉइंट, बाबा." शेवटचं सोडून एवढं सगळं ती मराठीत बोलली, बहुधा मला नीट कळावं म्हणून. मग पुन्हा इंग्रजी मिसळत म्हणाली, "आईने चार वर्षं हेच केलं. तुम्ही तिला एकदाही विचारलं नाही, हाऊ इट वर्क्स?"

नव्हतं विचारलं. मला आठवलं, ती घरी येऊन सांगायची, आज एक-अकरा झालं, आणि मी म्हणायचो, अरेरे. ती हसायची. मला वाटायचं, हरल्यावरही हसते, किती समंजस आहे. यांतले किती सामने जिंकलेले होते कोण जाणे. वडील शेगडीजवळ का गप्प बसले होते, तेही मला आता कळलं. एका गुणाने जिंकलेला मुलगा घरी आला होता आणि त्या माणसाला बोलता येत नव्हतं.

मी ते वाक्य काढलं. हुलकावणीचं वाक्य चांगलं झालं होतं, काढताना वाईट वाटलं. आपल्याला त्याच्या पराजयाची इतकी गरज होती हे वाचणाऱ्या कुणाच्या लक्षात आलं असतं का, याचा मी थोडा वेळ विचार केला. मग वही पुन्हा पहिल्या पानापासून काढली आणि प्रत्येक सामना मोजला. गोल गुणिले तीन, अधिक पॉइंट. एक संध्याकाळ गेली. जिंकलेल्या सामन्यांवर मी पेन्सिलीने टिंब देत गेलो.

निरोपसमारंभाच्या आदल्या आठवड्यात लेख दाखवायला पुन्हा त्याच्या घरी गेलो. त्याने उभ्याउभ्या वाचला. "मी इतका चांगला नव्हतो," तो म्हणाला. "पण आईला आवडेल. ती नव्वदीची आहे, तिला मोठ्या अक्षरात हवं."

मग मी वहीचा विषय काढला. मी सगळी पानं ग्रंथालयातल्या यंत्रावर स्कॅन केली होती, उत्तम रंगांत. म्हणालो, "तुम्हाला हे सगळं पाठवतो. फाईल विमानात हरवायची भीती नाही. वही, चालत असेल तर, घरी ठेवावी म्हणतो."

तो लगेच हो म्हणाला. मी वादाची तयारी करून गेलो होतो. चार मुद्दे काढले होते.

"अर्थात," तो म्हणाला. "तुमचीच आहे ती. मीच मूर्ख, आधी द्यायला हवी होती. प्रत्येक शनिवारी ठरवायचो, मुलीबरोबर पाठवू. आणि मग नाही पाठवायचो."

त्याचं इतकं सरळ बोलणं मला सहन झालं नाही. हासुद्धा सामना त्यानेच जिंकला होता.

"फक्त एक," तो म्हणाला. "शेवटची आठ पानं तेवढी निघतील का? ती माझीच गिचमिड आहे. तुम्हाला त्याचा काय उपयोग?"

"काढून देतो," मी म्हणालो. "नीट काढतो. ते माझं कामच आहे."

रविवारी दुपारी मी टेबलावर कापड अंथरून बसलो. सुई, पातळ सुरी, घडी दाबायची हाडाची पट्टी. ग्रंथालयात मी शेकडो जुन्या वह्या उसवून पुन्हा शिवल्या आहेत, आणि तरीही जे सगळ्यात आधी लक्षात यायला हवं होतं ते दोरा कापल्यावर आलं. मधोमध शिवलेली वही म्हणजे एकात एक घातलेले दुमडलेले कागद. शेवटचं पान आणि पहिलं पान हा एकच कागद असतो. शेवटून दुसरं आणि पहिल्यापासून दुसरं, पुन्हा एकच. त्याची शेवटची आठ पानं म्हणजे तिची पहिली आठ. तिची खाडाखोड, त्याच्या दुरुस्त्या, तो बदकासारखा चार, दहापैकी तीन. आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या अंगाला, ती गेल्यानंतरचे सामने.

घडीवर सुरी फिरवली असती तर दोन्ही भाग वेगळे झाले असते. सरळ, स्वच्छ कापता येतं मला. सुरी घडीवर ठेवलीसुद्धा होती. मुलगी मागे येऊन उभी राहिली.

"यू गॉना कट इट?"

"बघतोय."

"आईने तिथे काय लिहिलंय?" तिने त्या चाराकडे बोट दाखवलं. तिला मराठी वाचता येत नाही.

"दहापैकी तीन. कोचला मार्क दिलेत."

ती जोरात हसली. हसणं तिच्या आईचं आहे. मी सुरी बाजूला ठेवली. ती आठ पानं शिकण्याची होती, आणि त्या शिकण्यात मी नव्हतो. ती माझ्याकडे ठेवून मी काय करणार होतो? रोज उघडून बघितलं असतं की इथे तुला बोलावलं होतं आणि तू नव्हतास. मी ते आठ कागद अखंड बाजूला काढले, नवा दोरा ओवून शिवले आणि त्यांना जाड निळं वेष्टण घातलं. उरलेली मधली वही वेगळी शिवली. तीत मधलं पान होतं.

समारंभ शनिवारी दुपारी मैदानालगतच्या क्लबच्या हॉलमध्ये होता. घरोघरून पदार्थ आले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या मैदानावर पाय ठेवला. गुणलेखकाची लाकडी खुर्ची कडेला अजून होती. मुलीने ती न सांगताच दाखवली, फक्त मानेने.

निळं पुस्तक मी कोचच्या हातात दिलं. त्याने उघडलं आणि पहिल्याच पानावर थांबला.

"ही तर तिची आहेत."

"कागद एकच आहेत. कापावे लागले असते."

तो बराच वेळ पानं उलटत राहिला. मग वर न बघता म्हणाला, "मधलं एक पान तुमच्याकडे राहिलं. आमचा पहिला मोठा विजय, तीन-दहा. त्याखाली तिने काहीतरी लिहिलं होतं. मला आकडे येतात, अक्षरं येत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाली वाऱ्याबद्दल आहे." तो जरा हसला. "त्या दिवशी वारा नव्हता. या वाऱ्याच्या गावात असा दिवस माणूस विसरत नाही. काय लिहिलंय हो?"

माझ्या मनात काय आलं ते सांगतो. आनंद झाला. या एका गोष्टीत तो बाहेर होता आणि मी आत. तिने माझी लाज राखायला थाप मारली होती, आणि ती थाप आता माझ्या ताब्यात होती.

"वाऱ्याबद्दलच आहे," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. "मग मीच विसरलो असेन," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या माणसांकडे गेला.

परतताना मुलगी गाडी चालवत होती. शिकाऊ परवान्यातून नुकतीच बाहेर पडली होती ती. सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, तिथे खरं काय लिहिलंय. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मी सांगितलं.

"ओह, दॅट," ती म्हणाली. "ते ती सगळ्यांना सांगायची. 'माय हजबंड इज कमिंग टुडे.' हीप्स ऑफ टाइम्स, कितीदा तरी. मग गेटकडे बघत बसायची."

"कोचलाही?"

"तो तिच्या शेजारीच उभा असायचा, बाबा."

सिग्नल हिरवा झाला. तिने सावकाश गाडी काढली, आरशात नीट बघून, जशी तिला आईने शिकवली असती. मी तीन-दहाची बेरीज करत बसलो. तीन गोल, नऊ. नऊ आणि दहा एकोणीस. त्या दिवशी वारा नव्हता, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.